समुद्राकडे पाठ

सन दोन हजार पाच. माझं वय बासष्ट. माणूस मोठा कसा झाला हे सांगणाऱ्या पुस्तकात बासष्टाव्या वर्षाचं काय काम, असं कोणी विचारील. विचारू द्या. चौथीत शाळा सुटली, अठराव्या वर्षी कॅमेरा हातात आला, चोविसाव्या वर्षी हिंगणघाटात स्वतःचा फोटो स्टुडिओ टाकला, हे मागं लिहून झालं आहे. ते ऐकून लोक म्हणतात, तुम्ही फार लवकर मोठे झालात. खोटं आहे ते. तोवर मी नुसता वाढलो होतो. पुस्तक माझं आहे, तेव्हा मोठं होण्याचं प्रकरण कुठं घालायचं हे मीच ठरवणार.

त्या साली मी अमेरिकेत होतो, सनीव्हेल नावाच्या गावी, माझ्या मुलाकडं. कमल, माझी बायको, आदल्या वर्षी गेली होती. वर्षाच्या दिवसाला मिलिंद आला आणि म्हणाला, बाबा, सहा महिने चला. मिलिंद कॉम्प्युटरमध्ये, त्याची बायको सुजाता तीही कॉम्प्युटरमध्ये. सुजाता नागपूरची, हाताला चव असलेली पोरगी. तिनं एका आंध्राच्या दुकानात अंबाडी शोधून काढली होती. तिची भाजी, ज्वारीची भाकरी आणि तव्यावर रगडलेल्या मिरचीचा ठेचा, असं रविवारी व्हायचं. छताला धुराचं एक यंत्र होतं. मिरच्या तव्यावर पडल्या की ते किंचाळायचं, मग मिलिंद पुठ्ठा घेऊन खुर्चीवर चढायचा आणि त्याला वारा घालायचा. आमच्याकडं पाहुण्याला वारा घालतात, इथं यंत्राला. तेवढाच काय तो घरात आवाज. एरवी दिवसभर फ्रिजचं घुरघुरणं आणि दूर कुठंतरी रेल्वेचा भोंगा. दोघं कामावर गेले की मी खिडकीशी बसून समोरच्या भिंतीवरचा उजेड सरकताना पाहायचो. मला इंग्रजी येत नाही, पण उजेड येतो.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की सहा महिने हे नुसतं बोलायला होतं. जेवताना विषय निघायचा. "बाबा, तिकडं आता कोण आहे?" मी म्हणायचो, स्टुडिओ आहे. "कोण येतं स्टुडिओत? लॉजिकली विचार करा ना. आता रोलचा जमाना संपला." सुजाता मध्ये पडायची, "अहो, जेवू द्या त्यांना," आणि माझ्या ताटात भाकरीचा पापुद्रा टाकायची. मी खाली मान घालून जेवायचो. उत्तर नसलं की मी जास्त जेवतो, ही माझी जुनी खोड.

उत्तर नव्हतं असं नाही, ते मी गावात सांगून बसलो होतो. माझ्या स्टुडिओत एक पडदा आहे. सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्या एका पेंटरनं तो रंगवला. निळा समुद्र, तीन लाटा, मध्ये अर्धा सूर्य, आणि एक पक्षी, जो त्याच्या मते हंस होता आणि गावाच्या मते कावळा. समुद्र त्यानंही पाहिलेला नव्हता, मीही नाही. पण अडतीस वर्षं अख्खं गाव त्या समुद्रापुढं उभं राहिलं. नवी जोडपी, दहावीची पोरं, चष्मा पुसून बसलेले मास्तर. कोणी विचारायचं, हा सूर्य उगवतो की मावळतो? मी म्हणायचो, "उगवतो. माझ्या दुकानात सूर्य मावळत नाही." मग समोर एका पोरानं कॉम्प्युटरचा स्टुडिओ काढला. तो माणसाच्या मागं बटण दाबून ताजमहाल आणायचा. माझ्याकडं गर्दी ओसरली. निघायच्या आधी चहाच्या टपरीवर मी चारचौघांत बोललो, "अमेरिकेहून खरा समुद्र आणतो. उगवतीचा. त्याचा पडदा करतो, मग पाहू ताजमहालाकडं कोण जातो." बोललो ते बोललो. माझा शब्द गावात पडून होता आणि तो पुरा केल्याशिवाय मी परतणार नव्हतो.

कॅमेरा मी बरोबर नेला होता, छातीशी धरून वरून काचेत डोकावायचा, तो जुना डबा. रोल धुवायची पावडर आणि चित्र पक्कं करायचे हायपोचे खडेही नेले होते, कारण माझा रोल दुसऱ्यानं धुतलेला मला चालत नाही. विमानतळावर त्या पांढऱ्या पुड्यांनी तासभर घोळ घातला. साहेब विचारत होता, हे काय? मी म्हणत होतो, "फोटो, फोटो." शेवटी त्याचाच फोटो काढायची खूण केली तेव्हा तो हसला आणि जा म्हणाला.

नाताळची सुट्टी लागली तेव्हा मी मिलिंदला म्हणालो, मला पहाटे समुद्रावर ने, सूर्य समुद्रातून वर येतानाचा फोटो पाहिजे.

तो म्हणाला, "बाबा, इथं समुद्र पश्चिमेला आहे."

"मग?"

"मग सूर्य डोंगरामागून उगवतो. समुद्रात मावळतो. आपल्या मुंबईसारखं."

"मी मुंबईचा समुद्र पाहिला नाही," मी म्हणालो, "आणि सूर्य तू मला शिकवू नको. माझी हयात उजेडात गेली."

दुसरा कोणी असता तर वाद घातला असता. मिलिंदनं घातला नाही. मुकाट्यानं डोंगर ओलांडून हाफ मून बे नावाच्या गावच्या किनाऱ्यावर नेलं. मी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला, पण खरं सांगतो, पाहिला नाही. मी फक्त त्याची कड पाहत होतो, सूर्य जिथून निघायचा ती. वारा असा की डोळ्यांतून पाणी येत होतं. पाऊण तास कॅमेरा छातीशी धरून उभा राहिलो. आभाळ उजळलं, लाटा पांढऱ्या दिसायला लागल्या, आणि मग माझी मान तापली. मानेपासून पाठ तापली. माझी सावली माझ्या पुढं वाळूवर लांब पडली. मी वळलो नाही. मागं मिलिंद थर्मासमधून चहा ओतत होता, तो आवाज मला ऐकू येत होता. तो हसला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "चहा घेता, बाबा?"

परतताना गाडीत, डोंगर चढून झाल्यावर तो म्हणाला, "मावळतीचा काढा ना. पडद्यावर कोणाला कळणार?"

"मला कळेल."

"तुम्ही ना, इम्पॉसिबल आहात."

दोन दिवस मी तसाच धुमसत बसलो. सुजातानं पाटवडीचा रस्सा केला, तोही मला गोड लागला नाही. पण तिसऱ्या दिवशी खिडकीशी बसलो असताना मान तापलेली आठवली आणि मांडीवर थाप मारली. आमच्या स्टुडिओत दिवा कुठं असतो? कॅमेऱ्याच्या मागं. दिवा फोटोत कोण दाखवतो? उजेड दाखवायचा. किनाऱ्यावर उगवता सूर्य माझ्या मागं होता म्हणजे तो माझाच दिवा होता. समोर माणूस उभा करायचा, त्याच्या तोंडावर कोवळं ऊन, त्याच्या मागं उजळलेली लाट. सूर्य न दाखवता उगवतीचा समुद्र. पेंटरला हे सुचलं नसतं. त्या कॉम्प्युटरवाल्या पोराला तर नाहीच.

मिलिंद म्हणाला, "माणूस कुठून आणणार?"

"तू."

त्यानं लॅपटॉप बंद केला. "बाबा, एकदाच येतो. पैज लावू. फोटो आला तर तुमचं खरं. परत जा, स्टुडिओ चालवा, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही आला तर पडदा गुंडाळायचा आणि इथंच राहायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. सुजातानं दोघांकडं पाहिलं आणि म्हणाली, "बापलेक की जुगारी?"

यावेळी आम्ही त्याच किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गेलो, जिथं वाळूत काळे खडक आहेत. उतरताना एक पाटी होती. पाटीवर चित्र होतं, एक माणूस आणि त्याच्यामागं उभी राहिलेली लाट. मी विचारलं, काय लिहिलंय? मिलिंदनं वाचलं. "समुद्राकडे पाठ करू नका. इथं अचानक मोठी लाट येते म्हणे." मी म्हणालो, "पाठ केल्याशिवाय फोटो कसा निघेल?" आणि दोघंही हसलो. त्या पहाटेचं आमचं ते पहिलं हसणं.

समुद्र त्या दिवशी वेगळा होता. लाटा कमी येत होत्या पण आल्या की पोटातून आवाज यायचा, दूर कोणी धान्याची पोती टाकावी तसा. आणि अजून एक गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती. मागच्या डोंगराची सावली किनाऱ्यावर पडली होती. सूर्य वर यायला लागला तसा उजेड आधी लांबच्या लाटांवर पडला आणि मग तिथून आमच्याकडं सरकत यायला लागला. समुद्राकडून जमिनीकडं येणारा उजेड मी पहिल्यांदा पाहत होतो. लाटेच्या माथ्यावर तो पडला की पाणी आतून पेटल्यासारखं दिसायचं, हिरवट. ते रंग माझ्या काळ्या-पांढऱ्या रोलवर येणार नव्हते. पण त्या पाण्याचा कस येणार होता. मात्र ते पेटलेपण दोन-चार मिनिटांचं असतं हेही मला दिसत होतं. सूर्य वर चढला की पाणी पुन्हा नुसतं पाणी. आणि मिलिंद अजून सावलीत उभा.

"मागं सर," मी म्हणालो.

अडतीस वर्षं मी हेच म्हणत आलो होतो. थोडं मागं, अजून थोडं, पडद्याला पाठ टेकेपर्यंत. मागं कापड असतं, कापड कोणाला काही करत नाही.

मिलिंद दोन पावलं मागं गेला. "बूट ओले होतायत, बाबा."

"होऊ दे. अजून मागं. तोंडावर उजेड येऊ दे."

तो अजून मागं गेला. पाणी त्याच्या घोट्यांपर्यंत यायचं आणि परत जायचं. मग उजेडाची रेघ त्याच्या केसांवर आली, कपाळावर आली. सहा फोटो मी काढले होते, सगळे वाया, हे मला ठाऊक होतं. चेहरा दगडासारखा. मी दुकानातला जुना बाण काढला. "नवरदेव, सासरे बाहेर गेलेत, आता हसायला हरकत नाही." हे वाक्य त्यानं लहानपणी पडद्याआड उभं राहून हजार वेळा ऐकलं होतं. तो हसला. कमल गेल्यापासून मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं. मी काचेत मान घातली.

काचेत डावं ते उजवं दिसतं, पण वर ते वरच. त्याच्या हसऱ्या चेहऱ्यामागं पाणी उचललं जात होतं. आधी खांद्यापर्यंत, मग कानापर्यंत. ऊन त्या लाटेच्या आरपार जात होतं. हुबेहूब पडदा, पण जिवंत. पेंटरनं जे काढायला पाहिजे होतं ते. मिलिंदला तो आवाज ऐकू आला असणार, कारण त्याची मान वळायला लागली.

मी ओरडलो, "हलू नको!"

आणि तो हलला नाही. फोटोग्राफरचा पोरगा. हलू नको म्हटलं की श्वाससुद्धा धरायचा, हे मीच त्याला शिकवलं होतं. मी एक म्हणालो, दोन म्हणालो, आणि बटण दाबलं. लाट त्याच्या डोक्यावर दोन हात होती.

मग काचेत कोणी नव्हतं. पाणी माझ्या छातीला धडकलं, बर्फासारखं, पायाखालची वाळू निघून गेली. मी पडलो नाही. आणि पोराकडं हात का गेले नाहीत, तर माझे दोन्ही हात वर होते. हातांत कॅमेरा होता. पोरगा पाण्यात आणि बापाचे हात वर. हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले आहेत. मिलिंदला विचारून लिहितो आहे, नाहीतर ते माझ्याबरोबर गेलं असतं.

लाट परत फिरली तेव्हा तो मला खडकाजवळ दिसला, एक हात आणि निळं जॅकेट, आणि पुन्हा नाही. मी त्याचं नाव घेऊन ओरडत होतो. फळीवर बसून लाटांवर खेळणारे दोघे होते, काळे रबरी कपडे घातलेले. त्यांतला एक फळी टाकून त्याच्याकडं झेपावला. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. त्यांनी मिलिंदला ओढत वर आणलं तेव्हा त्याचा चष्मा गेला होता, ओठ निळे होते आणि उजवं मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं. ते माझ्याशी काही बोलत होते, मला एक अक्षर समजत नव्हतं. मी कॅमेरा वाळूवर ठेवला आणि माझा कोट काढून त्याच्यावर टाकला. तोही ओलाच होता.

ॲम्ब्युलन्स आली, हॉस्पिटल झालं, सुजाता धावत आली. हाड मोडलं होतं, डोक्याला चार टाके पडले, बाकी तो धड होता. प्लास्टर चढवून त्याला खाटेवर बसवलं. त्यानं डोळे बारीक करून मला शोधलं, कारण चष्मा नव्हता, आणि विचारलं,

"आला का फोटो?"

मी म्हणालो, "नाही. बटण दाबायच्या आत पाणी आलं."

खोटं इतकं सरळ तोंडातून निघालं की मला स्वतःलाच खरं वाटलं. फोटो आला म्हणालो असतो तर लाट दिसत होती हे आलं असतं, आणि लाट दिसत असताना मी काय म्हणालो हेही.

"म्हणजे मी जिंकलो," मिलिंद म्हणाला. "पैज म्हणजे पैज. आता राहायचं, बाबा." आणि तो पुन्हा हसला, फुटलेल्या ओठानं.

सुजाता डोळे पुसत म्हणाली, "एवढं होऊन पैज सुचते ह्यांना. बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ह्यांनाच कळायला पाहिजे होतं, पाटी होती ना तिथं." 

मी मान हलवली. दोष त्याच्यावर चालला होता आणि मी मान हलवली.

संध्याकाळी तिनं ज्वारीच्या भाकरी टाकल्या. ठेचाही केला, त्याला आवडतो म्हणून. यंत्र किंचाळायला लागलं. मिलिंद सवयीनं उठला आणि प्लास्टरकडं पाहून परत बसला. मग मी पुठ्ठा घेऊन खुर्चीवर चढलो. वर हात करून वारा घालत असताना खाली सुजाता त्याला घास भरवत होती, आणि तो तोंडात घास घेऊन मला सांगत होता की मधली खोली मला देऊ, पूर्वेची खिडकी आहे, माझी कपाटं तिकडून मागवू, पडदासुद्धा मागवू, भिंतीवर लावू. फार दिवसांनी तो इतकं बोलत होता. यंत्र केव्हाच गप्प झालं होतं. मी वाराच घालत राहिलो. माझे हात वर होते आणि मला खाली उतरायचं धैर्य होत नव्हतं.

माझ्या ताटातली भाकरी तशीच राहिली. उत्तर नसलं की मी जास्त जेवतो, असं वर म्हटलं आहे. त्या दिवशी उत्तर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं झोपेत असताना मी बाथरूममध्ये गेलो, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला, दिवा मालवला आणि कॅमेरा उघडला. खारट पाणी बाहेरच राहिलं होतं, आत रोल कोरडा. एवढा मी त्याला जपला होता. बोटांच्या अंदाजानं रोल डबीत चढवला, बाजूच्या बादलीत कालवलेली पावडर ओतली, मनात आकडे मोजले, मग हायपो. दिवा लावला तेव्हा सातवी फ्रेम शोधावी लागली नाही. नळाखाली धरली आणि धूत बसलो, हवी त्यापेक्षा जास्त वेळ.

दारावर टकटक झाली. "बाबा? बरं वाटत नाही का?"

मी दार उघडलं. मिलिंद डाव्या हातानं प्लास्टर सांभाळत उभा होता. त्यानं वास घेतला. हायपोच्या वासात तो वाढला आहे. "रोल धुतला? पण फोटो तर..."

मी त्याला स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेलं. समोरच्या बिल्डिंगच्या छपरावर सूर्य नुकताच आला होता. मी पट्टी त्याच्यापुढं धरली. निगेटिव्हमध्ये पांढरं ते काळं दिसतं. शाळेत जायच्या आधीपासून मिलिंदला निगेटिव्ह वाचता येते, आणि जवळचं त्याला चष्म्याशिवायही दिसतं. लाट काळी होती, त्याच्या डोक्यावर उभी. तिच्याखाली तो हसत होता, मान किंचित वळायला लागलेली.

मी म्हणालो, "लाट मला दिसत होती. तू वळत होतास. मी तुला हलू नको म्हणालो, आणि मग बटण दाबलं."

तो पुढं वाकून पाहत राहिला. पट्टीवरचं पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं आणि हात भरून आला होता. मी हललो नाही. त्याचं पाहून होईपर्यंत मी ती उजेडात तशीच धरून उभा राहिलो.